नागपूरच्या वाड्यात भूत का नाही?

पावसाळा लागला की एक फर्माईश ठरलेली असते: "दादा, भुताटकीच्या जागांवर एक भाग होऊन जाऊ द्या." तर घ्या. पण आज मी धरमपेठेत बसून तुम्हाला भूत असलेली जागा एक आणि भूत नसलेली जागा एक, अशा दोन्ही सांगणार आहे. मला विचाराल तर दुसरी जास्त कोड्यात टाकते.

पहिली तुम्हाला माहीतच आहे. पुण्याचा शनिवारवाडा. पौर्णिमेच्या रात्री "काका, मला वाचवा" असा आवाज येतो म्हणतात. आता घटना काय होती ते बघा. 30 ऑगस्ट 1773, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. नारायणराव पेशवा, वय अठरा. पगार थकलेले गारदी वाड्यात घुसले आणि हा पोरगा जीव घेऊन चुलत्याकडे, रघुनाथरावाकडे धावला. त्याला मिठी मारली. चापाजी टिळेकर नावाचा सेवक मध्ये पडला, तोही मारला गेला. आणि हे सगळं दुपारी झालं बरं का! भर दिवसा. खून दुपारचा, पण आवाज मात्र रात्रीचा.

बरं, त्या वाड्यात आज आहे काय? 1828 साली आग लागली, सात दिवस जळत राहिला. आतले दिवाणखाने, जिने, महाल सगळं गेलं. उरले ते तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद. नारायणराव ज्या दालनांतून पळाला ती दालनंच नाहीत. दिवसा तिथं हिरवळीवर लोक डबे खातात. तरी संध्याकाळी दरवाजा बंद व्हायच्या वेळी तिथं उभं राहिलं की अंगावर काटा येतो. का येतो?

जत्रेतल्या भूतबंगल्याशी तुलना करा. तिथं अंधार असतो, सांगाडा असतो, कोणीतरी पोट्टा मुखवटा घालून "भ्याऽऽ" करतो. आपण किंचाळतो आणि बाहेर येऊन हसतो, कारण तिकीट काढलेलं असतं, पुढे काय होणार ते ठाऊक असतं. हे दचकणं झालं. फ्रँक मॅकअँड्र्यू नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 2016 मध्ये सहकाऱ्यासोबत एक अभ्यास मांडला. त्याचा सूर असा, की धोका आहे की नाही हेच कळत नाही तेव्हा माणसाला खरी हुडहुडी भरते. शनिवारवाड्याच्या गोष्टीत नेमकं हेच आहे. ज्याच्याकडे धावायचं, तोच घातकी आहे का, हे त्या पोराला मिठी मारतानाही ठाऊक नव्हतं. कवटी-बिवटी काही नको. फक्त एक घरातला माणूस.

आता या आपल्या नागपुरात.

महालात भोसल्यांचा राजवाडा होता. 1816 मध्ये दुसरे रघुजी वारले आणि गादीवर मुलगा परसोजी बसला. दृष्टी गेलेली, शरीर पांगळं. कारभार बघायला चुलतभाऊ आप्पासाहेब. फेब्रुवारी 1817 मध्ये परसोजी एका सकाळी बिछान्यात मेलेला सापडला. आप्पासाहेब तेव्हा चांद्याला होते. गळा दाबून मारलं आणि ते आप्पासाहेबांच्या सांगण्यावरून, असा आरोप पुढे ब्रिटिश रेसिडेंट जेंकिन्सनं ठेवला.

विचार करा. जो पळू शकत नाही, मारणारा कोण ते बघूही शकत नाही, असा राजा आपल्याच अंथरुणात. भीतीच्या हिशेबात हे पुण्याच्या वर आहे. वाडासुद्धा तसाच जळाला, 1864 मध्ये. उरला तो नगारखाना. सगळं सामान तयार, पण परसोजीचं भूत मी तरी महालात कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

मला वाटतं, कारण भुताच्या बाजूनं बोलणारं कोणी उरलं नाही. पुण्यात रामशास्त्र्यांनी चौकशी केली, रघुनाथरावाला तोंडावर दोषी ठरवलं. गुन्हेगार ठरला, मग बळीला वाक्य मिळालं. ते वाक्य नारायणराव खरंच तसंच बोलला का, याला महत्त्व नाही. लोकांनी ते त्याच्या तोंडी ठेवलं. इथं आरोप करणारा इंग्रज, आणि तोही कधी? सीताबर्डीची लढाई झाल्यावर. 26 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी आप्पासाहेबांच्या फौजेनं बर्डीच्या टेकड्यांवर तोफा डागल्या. रात्रभर लढाई चालली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत इंग्रज जिंकले. पुढे आप्पासाहेब इंग्रजांच्या कैदेतून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या साथीनं लढले, 1840 मध्ये जोधपूरला वारले. इंग्रजांशी लढलेल्या माणसाच्या वाड्यात कोण कशाला भूत बसवेल? परसोजीच्या वाट्याला आवाजही आला नाही.

आणि बर्डीचा किल्ला? धरमपेठेतून अगदी जवळ. तिथं त्या लढाईत पडलेल्यांची थडगी आहेत, लष्कराचा ताबा आहे, सामान्य माणसाला वर्षातले मोजकेच दिवस आत सोडतात. बंद दरवाजा, थडगी, रात्रीची लढाई. पौर्णिमा होऊनही दोन-तीनच दिवस झाले होते! तरी खालून रोज हजारो लोक खरेदीच्या पिशव्या घेऊन जातात, मान वर करून कोणी बघत नाही. मेलेल्यांच्या आकड्यानं जागा भितीदायक होत नाही, हे बर्डीच्या बाजारात उभं राहिलं की पटतं.

त्या वाड्यातल्या एका व्यक्तीला मात्र नागपूर विसरलं नाही. रघुजींची राणी बाकाबाई. ती इंग्रजांना मिळाली हा राग, आणि काळी मारबत तिचीच, असं लोक सांगतात. काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून निघते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भर उन्हात, ढोल-ताशात, "घेऊन जा गे मारबत" ओरडत मिरवायची आणि शेवटी जाळायची. पुण्यानं आपली भीती वाड्यात कोंडून ठेवली, आम्ही ती दरवर्षी रस्त्यावर आणून पेटवतो. परसोजीचा पुतळा त्या मिरवणुकीत नसतो, कारण त्याच्यावर कोणाचा रागच नाही.

कधी महालात गेलात तर नगारखान्यापाशी थांबा. गाडी बंद करा. काही ऐकू येणार नाही, हॉर्न सोडून.