शंकरपट आणि हजार फूट

मुलाकडे अमेरिकेला गेलो होतो, तेव्हा त्याने लॉस एंजेलिसजवळ पोमोना इथे ड्रॅग रेस दाखवली. सरळ धावपट्टी, शेजारी शेजारी दोन गाड्या, हिरवा दिवा लागला की सुटायचे. चार सेकंदांच्या आत खेळ खलास! मी म्हटले, "अरे, हा तर आपला शंकरपट!"

आम्हा सेवाग्रामकरांना अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट ठाऊक असतो. तिथेही सरळ धाव, हलकी गाडी, बैलजोडी, एक धुरकरी आणि सेकंदाच्या अंशांचा हिशोब.

अमेरिकेत वाली पार्क्स यांनी १९५१ साली संघटना काढून रस्त्यावरच्या जीवघेण्या शर्यतींना नियम लावले. पुढे २००८ मध्ये स्कॉट कलिटा हा चालक शर्यतीत गेला. लगेच सर्वांत वेगवान गाड्यांचे अंतर १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणले गेले.

आपल्याकडे आर टोचणे, शेपूट पिरगाळणे वर्षानुवर्षे चालले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला.

पट सुरू झाला याचा शेतकऱ्यांना आनंद आहे, मलाही आहे. पण कलिटा आपल्या मर्जीने गाडीत बसला होता आणि त्याच्यामागे बोलणारे सोबती होते. बैलाला कोणी विचारत नाही. म्हणून पटावरचा नियम पोलिसाच्या नव्हे, धुरकऱ्याच्या हातात आहे. त्या हातात आर नसली म्हणजे झाले.