न दिसणाऱ्या साठ्याचा हिशेब

बीड जिल्ह्यातील तेलगावच्या नावात तेल असले, तरी गावाखाली आहे तो दख्खनचा काळा बेसाल्ट, आणि त्यात विंधणविहीर घेणाऱ्याला हवे असते ते पाणी. तरीही खनिज तेलाचा साठा म्हणजे नेमके काय, हे समजायला तेलगावच्या शेतकऱ्याला फार दूर जावे लागत नाही. जमिनीखाली पाण्याचे तळे नसते, ते मुरुमात आणि पाषाणाच्या भेगांत अडकलेले असते, म्हणूनच एका बोअरला पाणी लागते आणि हाकेच्या अंतरावरचे दुसरे कोरडे जाते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. खनिज तेलही असेच खडकाच्या बारीक छिद्रांत असते, आणि ते किती आहे, कोणत्या वाटेने वाहील व किती हाती येईल, याचा हिशेब मांडणाऱ्या शास्त्राला साठा अभियांत्रिकी म्हणतात.

या हिशेबाला दोन गुणांचा आधार असतो. खडकाच्या एकूण आकारमानात छिद्रांचा वाटा किती, ही त्याची सच्छिद्रता, आणि ती छिद्रे एकमेकांना किती सहज जोडलेली आहेत, ही त्याची पारगम्यता. पहिल्या गुणावरून साठा कळतो, दुसऱ्यावरून प्रवाह. पारगम्यतेचा मूळ नियम तेलाच्या नव्हे, तर पाण्याच्या अभ्यासातून मिळाला. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे अभियंते आँरी दार्सी यांनी वाळूच्या थरातून पाणी गाळून पाहिले आणि प्रवाह हा दोन टोकांच्या पातळीतील फरकाच्या प्रमाणात वाढतो व थराच्या लांबीच्या प्रमाणात घटतो, हे 1856 मध्ये प्रसिद्ध केले. आजही तेलखडकाची पारगम्यता 'दार्सी' याच एककात मोजली जाते.

हा नियम साध्या नळीला लावणे सोपे, पण जेथे तेल, वायू आणि पाणी एकाच वेळी एकाच छिद्रातून वाट काढतात, तेथे समीकरणे हाताने सुटत नाहीत. अमेरिकेत मॉरिस मस्कॅट यांनी सच्छिद्र माध्यमातील प्रवाहावरचा आपला मोठा ग्रंथ 1937 मध्ये प्रसिद्ध केला, आणि 1955 मध्ये डोनाल्ड पीसमन व हेन्री रॅचफर्ड यांनी अशी समीकरणे संगणकावर आधी एका दिशेच्या, मग दुसऱ्या दिशेच्या रांगांनी सोडवण्याची रीत मांडली. त्यातूनच रिझर्व्हॉयर सिम्युलेशन, म्हणजे साठ्याचे संगणकीय प्रतिरूप, आकाराला आले. यात साठ्याचे हजारो चौकोनी कप्पे कल्पून प्रत्येकाला त्याची सच्छिद्रता, पारगम्यता आणि दाब दिला जातो व कप्प्याकप्प्यातील देवाणघेवाण काळाच्या एकेका टप्प्याने मोजली जाते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यापुढे या विद्येची खरी परीक्षा झाली ती मुंबई हाय या समुद्रातील तेलक्षेत्रावर. 1960 च्या दशकात सोव्हिएत जहाजाच्या साहाय्याने झालेल्या भूकंपीय पाहणीत तेथील समुद्रतळाखालच्या उंचवट्याचा माग लागला, आणि फेब्रुवारी 1974 मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोगाच्या, म्हणजे ओएनजीसीच्या, 'सागर सम्राट' या वेधन-मंचाला मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रतळाखाली तेल लागले. मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले. या क्षेत्राच्या तळखडकात ग्रॅनाइटबरोबर दख्खनचा बेसाल्टही आहे, म्हणजे तेलगावच्या काळ्या पाषाणाचा भाऊबंद समुद्राखाली या तेलाच्या पायाशी आहे.

येथील मुख्य साठा मायोसीन काळातील चुनखडीत असून त्या थराला एल-तीन म्हणतात. हा थर एकसंध नाही. चुनखडीच्या पट्ट्यांमध्ये शेलचे, म्हणजे चिकणमातीच्या घट्ट खडकाचे, पातळ पदर आहेत आणि तेलावर वायूची टोपी आहे. तेल उपसले की दाब उतरतो, दाब एका मर्यादेखाली गेला की तेलात विरघळलेला वायू सुटतो, आणि तो वायू हलका असल्याने पुढे निसटून तेल मागे राहते. दाब टिकवण्यासाठी समुद्राचे पाणी थरात सोडले, तर ते सर्वांत सैल पट्टीतून आधी धावते व घट्ट पट्ट्यांतील तेल तसेच राहते. म्हणून कोणत्या विहिरीने किती उपसावे आणि पाणी कोठे सोडावे, हे ठरवताना प्रतिरूपाचा आधार लागतो, आणि अशाच कामासाठी ओएनजीसीने 1978 मध्ये अहमदाबादला साठा-अध्ययन संस्था उभारली.

मात्र प्रतिरूपाला भविष्य विचारण्याआधी भूतकाळ विचारावा लागतो. विहिरीतून काढलेल्या खडकाचा बोटभर लांबीचा दंडगोल प्रयोगशाळेत तपासून, आणि विहीर काही काळ बंद ठेवून तारेने खाली सोडलेल्या दाबमापकाची नोंद घेऊन, साठ्याचे पहिले चित्र तयार होते. मग गेल्या वर्षांतील उत्पादन आणि दाब त्या चित्रातून पुन्हा निघतात का, हे पाहिले जाते; निघत नसतील तर गृहीतके बदलली जातात. यालाच इतिहास-जुळणी म्हणतात. मात्र एकाच इतिहासाशी जुळणारी चित्रे अनेक असू शकतात, म्हणून प्रत्येक नवी विहीर प्रतिरूपाची नवी कसोटी ठरते. 2000 च्या सुमारास मुंबई हायच्या पुनर्विकासाचे काम हाती घेतले गेले, तेव्हा नव्या विहिरींच्या जागा ठरवायला पाव शतकाच्या या नोंदींचा आधार होता.

सागराखाली तेल लागण्याच्या दोनच वर्षे आधी, 1972 मध्ये, महाराष्ट्र शासनाने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन केली. तिच्या निरीक्षण विहिरींतील पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, मोजली जाते. तेलगावच्या खडकातील पाणी आणि मुंबई हायच्या चुनखडीतील तेल यांचे मोल वेगळे असले तरी हिशेबाची जात एकच आहे. तेलाच्या विहिरीचा रोजचा उपसा नोंदला जातो, बोअरचा मात्र क्वचितच. दोन्हीकडे साठा डोळ्यांना दिसत नाही आणि त्याच्याविषयी शहाणपण येते ते केवळ नियमित, प्रामाणिक मोजणीतून. मराठवाड्याने आपल्या विहिरींचा असा इतिहास आजपासून लिहून ठेवला, तर उद्याच्या पिढीला भविष्य विचारायला काहीतरी हाती असेल.