नगरला आलेले चार पाहुणे



नगरचा इतिहास म्हटला की निजामशाही, चांदबिबी आणि भुईकोट किल्ला ही नावे आपल्या तोंडी चटकन येतात. आज त्याच गावातली, पण तोफांचा आवाज नसलेली एक गोष्ट सांगतो.

तारीख २० डिसेंबर १८३१. आज आपण ज्याला अहिल्यानगर म्हणतो, त्या अहमदनगर शहरात त्या दिवशी मुंबईहून चार माणसे आली. पेशवाई बुडून तेरा वर्षे झाली होती, आणि गावाजवळ इंग्रजांची छावणी होती. या चौघांतले तिघे अमेरिकन मिशनरी : अ‍ॅलन ग्रेव्हज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्वी. चौथे आपल्याच मुलुखातले, बाबाजी रघुनाथ. ही नावे सांगताना बाबाजींचे नाव बहुधा शेवटी येते. माझ्या मते ते आधी यायला हवे. का, ते पुढे कळेलच.

हे लोक सातासमुद्रापलीकडून इथे का आले? आपला धर्म सांगायला, आणि जमल्यास लोकांना त्यात घ्यायला. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही, आणि त्यांनीही ते कधी झाकले नाही. त्यांच्या संस्थेच्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी दोघे, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १८१२ साली अमेरिकेतून निघाले ते आधी कलकत्त्याला उतरले. कंपनी सरकारने त्यांना देश सोडून जायला फर्मावले. त्यातच इंग्लंड आणि अमेरिका यांचे युद्ध जुंपले, म्हणजे हे दोघे शत्रुदेशाचे ठरले! तरी ते निसटून फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले. तिथेही परत जाण्याचाच हुकूम. मग ते कोचीनपर्यंत पळाले, तिथून त्यांना धरून आणले. गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन यांच्याकडे अर्जांवर अर्ज गेले, आणि अखेरीस राहण्याची परवानगी मिळाली. पाहा, ज्यांना आपण राज्यकर्त्यांचे सोबती समजतो, त्यांना राज्यकर्तेच घराबाहेर काढत होते. अर्थात नगरला येईपर्यंत दिवस पालटले होते, हेही खरे.

मुंबईच्या दमट हवेने यांची माणसे फार नेली. म्हणून घाटावरची कोरडी हवा आणि मराठी मुलखाचा मध्य असे दोन्ही पाहून त्यांनी नगर निवडले. तेव्हा आगगाडी नव्हती. ती मुंबईहून पहिल्यांदा धावली १८५३ साली. मुंबईहून देशावर यायचे म्हणजे होडीने पनवेल, मग बोरघाट, पुणे, आणि पुढे घोडनदीवरून नगर, अशी ती वाट. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली नुकताच खुला झाला होता.

आता खरी अडचण ऐका. रीड आणि हर्वी १८३१ च्या मार्चमध्येच मुंबईला उतरले होते. म्हणजे नगरला आले तेव्हा त्यांच्या मराठीला पुरते वर्षही झालेले नव्हते. ग्रेव्हज तेवढे १८१८ पासून मुंबईत राहिलेले, भाषेत मुरलेले. गुरुजी, तुम्ही पहिलीच्या पोरांना शिकवता, तेव्हा ‘ळ’ काही केल्या जिभेवर चढत नाही हे तुम्हांला ठाऊक आहे. चमच्यातला ‘च’ वेगळा आणि चंद्रातला ‘च’ वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. परक्याला मात्र ते एक एक करून घोकावे लागते. त्यात लिपी दोन. छापील पुस्तक बालबोधीत, आणि वाण्याची वही, पाटलाकुलकर्ण्यांचे कागद मोडीत. बालबोध शिकून बाजारात गेलेला माणूस पुन्हा निरक्षरच! मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश त्याच १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. त्याच्या पाठीशीही मराठी शास्त्री-पंडितांची मेहनत होती, हे सहसा कुणी सांगत नाही. आणि कोश शब्द सांगतो हो, पण म्हाताऱ्याला ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’, कुणाच्या ओट्यावर बसायचे, कुणाच्या अंगणाबाहेरच थांबायचे, हे कोशात कुठले सापडायला?

ते सांगणारे माणूस म्हणजे बाबाजी. जन्माने ब्राह्मण, त्याच वर्षी ख्रिस्ती झालेले. त्या काळात जात गेली म्हणजे पंगत गेली, पाणवठा गेला, सोयरीक तुटली. साहेबाला पेठेत लोक नवल म्हणून तरी पाहत. बाबाजींकडे मात्र आपला असून परका झालेला म्हणून पाहत असणार. शिकवायला आलेल्यांना आधी विद्यार्थी व्हावे लागले, आणि त्यांचा गुरू असा दोन्हीकडून उघडा पडलेला माणूस होता. त्यांचा धर्म पटो वा न पटो, या माणसाचे धैर्य मला मोठे वाटते.

नगरमध्ये आंधळ्यापांगळ्या, निराधार लोकांसाठी एक आश्रयगृह होते. पहिल्यांदा ख्रिस्ती झालेल्यांपैकी काहीजण तिथले. ज्यांना गावात कुणी विचारीत नव्हते, त्यांनीच या परक्यांचे आधी ऐकले. यात कुणाचे कौतुक करायचे आणि कुणी मान खाली घालायची, ते ज्याचे त्याने ठरवावे.

आणि हवा चांगली म्हणून निवडलेल्या त्याच नगरात पाच महिन्यांच्या आत पटकीने गाठले. हर्वीची पत्नी एलिझाबेथ मे १८३१ मध्येच मुंबईला वारली होती. तो स्वतः मे १८३२ मध्ये नगरला गेला. पटकी पाण्यातून पसरते, हे तेव्हा जगात कुणालाच नीट ठाऊक नव्हते. लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांनी ते मांडले ते १८४९ मध्ये. ग्रेव्हज आजारी पडून मायदेशी गेले, परत आले, आणि १८४३ साली महाबळेश्वरी वारले. रीड यांनाही प्रकृतीमुळे अमेरिकेला परतावे लागले.

पुढे १८३९ मध्ये मिस सिंथिया फरार नगरला आल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतिराव फुल्यांच्या मनाने घेतले, आणि १८४८ मध्ये पुण्यात त्यांची शाळा उभी राहिली. त्या शाळेत शिकवणाऱ्या सावित्रीबाईंचा जन्मही १८३१ चाच, जानेवारीतला. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे मासिक नगरातच सुरू झाले. पण त्या गोष्टी मोठ्या आहेत, त्यांना वेगळा दिवस हवा.

बाबाजींनी यातले काही पाहिले नाही. एप्रिल १८३३ मध्ये पटकीनेच त्यांना नेले. नगरला येऊन दीड वर्षही झाले नव्हते. रीड यांनी परत गेल्यावर त्यांचे चरित्र लिहिले. ‘द ख्रिश्चन ब्राह्मण’ या नावाने ते १८३६ साली न्यूयॉर्कला दोन भागांत छापले गेले.