विद्युत्-गणिताची परिभाषा आणि नागपूर

विभवांतरास विद्युत्धारेने भागले असता रोध मिळतो; त्याच दोहोंचा गुणाकार केला असता शक्ती मिळते. 230 व्होल्टवर 2 अँपिअर धारा घेणाऱ्या शेगडीचा रोध 115 ओहम व शक्ती 460 वॅट होय. गणित एवढेच, परंतु ते मराठीत मांडणारी परिभाषा सहजी सिद्ध झाली नाही.

मुख्य अडचण ‘शक्ती’ या शब्दाची. ‘गुरुत्वाकर्षणशक्ती’त तो बल दर्शवितो, ‘विद्युच्छक्ती’त बहुधा ऊर्जा, तर ‘अश्वशक्ती’त कार्याचा दर. वॅट म्हणजे सेकंदास एक ज्यूल. दर आणि खर्ची पडलेली ऊर्जा यांत भेद न केल्यास वॅट व वॅट-तास यांची गल्लत अटळ आहे. ‘बल’ व ‘ऊर्जा’ ही पदे वेगळी काढल्यावरच ‘शक्ती’स नेमका अर्थ लाभला.

फाळणीच्या सुमारास लाहोर सोडून नागपुरास आलेल्या डॉ. रघुवीरांनी संस्कृत धातूंवरून समग्र परिभाषा रचण्याचा उपक्रम येथे चालविला. त्यांचा 1955 चा इंग्रजी-हिंदी कोश नागपुरातूनच निघाला. एकाच ‘रुध्’ धातूपासून रोध, अवरोध, प्रतिरोध साधतात, हे त्या पद्धतीचे खरे बळ. तथापि हायड्रोजनला ‘उद्जन’ व ऑक्सिजनला ‘जारक’ म्हणण्यापर्यंत गेलेला आग्रह (तर्कदृष्ट्या तो निर्दोष होता) रूढ झाला नाही. 1961 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय परिभाषा आयोगाने एककांची नावे व चिन्हे आंतरराष्ट्रीयच राखली. त्यामुळे मराठी विद्यार्थी ‘रोध’ लिहितो, हिंदी विद्यार्थी ‘प्रतिरोध’. मोजतात दोघेही ओहममध्येच. बोलीत मात्र तारेत अद्याप ‘करंट’ असतो, धारा नव्हे.