विषाच्या डब्यावरील खूण

लातूर जिल्ह्यांतील शिरूर अनंतपाळ येथें मृगाचा पाऊस होऊन सोयाबीन आणि तूर हीं पिकें वर आलीं, म्हणजे कृषि सेवा केंद्रांच्या दारांशीं शेतकऱ्यांची गर्दी होऊं लागते. मागणी असते ती औषधाची. अळीचें औषध, माव्याचें औषध, तणाचें औषध! शेतकरी औषध आणतो, औषध मारतो आणि उरलेलें औषध घरांतल्या कोनाड्यांत ठेवतो. त्यांतील जहाल जातीच्या डब्यावर मात्र कायद्याच्या आज्ञेनें तांबड्या अक्षरांत ‘विष’ असा शब्द छापलेला असतो. एकाच वस्तूला जिभेवर एक नांव आणि डब्यावर त्याच्या नेमकें उलट नांव! विषाला विष म्हणून ओळखण्याची सर्वांस सारखी कळेल अशी खूण असावी, ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाहीं. ती साधण्यास पुष्कळ काळ लागला, आणि प्रत्येक पायरीवर माणसांचे बळी पडले.

विषांचें वर्गीकरण या देशास नवें नव्हे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत स्थावर विषें आणि जंगम विषें असे भेद सांगितलेले आहेत. सोमल, हरताळ, बचनाग हीं नांवें गांवच्या वैद्यास व गांध्यास तोंडपाठ असत. विकणारा घेणाऱ्यास ओळखी, घेणारा वस्तु ओळखी. चिठ्ठीची जरूर पडत नसे. कारखान्यांतून रसायनें बाहेर पडूं लागलीं तेव्हां ही ओळख तुटली. करणारा एका खंडांत, वाहणारा समुद्रावर आणि वापरणारा तिसऱ्याच मुलखांत, असें झालें. पांढरी भुकटी पिठासारखी दिसूं लागली, जहाल द्रव पाण्यासारखा दिसूं लागला. विष किती जहाल, हें मोजण्याचा एक मापदंड १९२७ मध्यें ट्रेव्हन या इंग्रज शास्त्रज्ञानें दिला. प्रयोगांतील निम्मे प्राणी ज्या मात्रेनें मरतात, ती मात्रा वजनाच्या दर किलोमागें किती मिलिग्रॅम, हा तो मापदंड होय. आंकडा जितका लहान, तितकें विष जहाल.

परंतु मोजमाप सांपडलें म्हणून नियम एक झाले नाहींत. शिरूर अनंतपाळ त्या काळीं निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. विषांच्या विक्रीसंबंधीं १९१९ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानांत लागू होता. संस्थानची हद्द लागतांच त्याचा अंमल संपे. इकडे १९११ मध्यें बार्शीची लहान रेल्वे लातूरपर्यंत येऊन पोंचली होती. माल हद्द ओलांडी, कायदा ओलांडीत नसे. पुढें सगळ्या जगापुढें जो प्रश्न उभा राहिला, त्याचें हें लहानसें रूप होतें.

खूण नसल्यास काय होतें, तें मुंबईनें १४ एप्रिल १९४४ रोजीं पाहिलें. व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ नांवाचें जहाज लागलें होतें. त्याच्या पोटांत सुमारें १४०० टन स्फोटक पदार्थ होते, आणि कराचीस चढविलेल्या कापसाच्या गांठी त्यांच्या सोबतीस होत्या. धोक्याचा माल असलेल्या जहाजानें लाल निशाण उभारावें, अशी रीत होती. तें निशाण उभारलेलें नव्हतें. दुपारीं कापसास आग लागली. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला व अर्ध्या तासानें दुसरा. शेकडों माणसें मेलीं. आग विझविण्यास धांवलेले ६६ अग्निशामक त्यांत होते. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस अजून देशभर पाळला जातो. एका निशाणानें आग टळली असती असें नव्हे. पण धक्क्यावरच्या माणसांना आपण कशाशेजारीं उभे आहोंत, हें तरी कळलें असतें.

चौदा वर्षांनीं दुसरा धडा मिळाला. १९५८ च्या एप्रिल-मे महिन्यांत केरळ व मद्रास राज्यांत शंभरांहून अधिक माणसें अन्नांतून विषबाधा होऊन दगावलीं. पॅराथिऑन हें कीटकनाशक वाहतुकींत गव्हाच्या पिठास लागलें होतें. चौकशीसाठीं सरकारनें आयोग नेमला, आणि त्यांतून पुढें १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ चे नियम आले. शिरूरच्या दुकानांतील डब्यावर जी खूण दिसते, ती या नियमांची देणगी आहे. कोनावर उभा केलेला एक चौकोन. त्याचे दोन त्रिकोण. खालच्या त्रिकोणांत रंग आणि वरच्यांत शब्द. पन्नास मिलिग्रॅमपर्यंतच्या अति जहाल विषास तांबडा रंग, कवटी व हाडांची फुली आणि ‘विष’ हा शब्द; ५०१ च्या आंत पिवळा रंग व ‘विष’; पांच हजारांपर्यंत निळा रंग व ‘धोका’; त्यापुढें हिरवा रंग व ‘सावधान’. डब्यावरचा मजकूर प्रादेशिक भाषेंतहि असला पाहिजे, आणि ‘निर्धोक’ किंवा ‘निरुपद्रवी’ असें कोणीं छापतां कामा नये, असाहि निर्बंध आहे. अक्षरशत्रु माणसासहि कळावें म्हणून रंग योजण्याची ही कल्पना खरोखर दूरदर्शी होती.

मात्र प्रत्येक देशानें अशीच आपापली खूण ठरविली, आणि घोटाळा तेथेंच झाला. एका देशांत जें विष, तें दुसऱ्यांत नुसतें त्रासदायक ठरे. वाहतुकीपुरती एकवाक्यता संयुक्त राष्ट्रांच्या १९५६ च्या शिफारशींनीं आणली. पेट्रोलच्या टँकरवर दिसणारा १२०३ हा आंकडा त्याच परंपरेंतला. सर्व रसायनांसाठीं एकच पद्धती असावी, असें १९९२ मध्यें रिओ द जानेरो येथील परिषदेंत ठरलें. २००२ च्या डिसेंबरांत ती पद्धती संमत झाली व २००३ मध्यें जांभळ्या पुठ्ठ्याच्या ग्रंथांत छापली गेली. तांबड्या कडांच्या चौकटींत नऊ चित्रें आणि ‘धोका’ व ‘इशारा’ असे दोनच शब्द, एवढ्यांत सारा व्यवहार.

आतां दोन्ही पद्धती शेजारीं ठेवून पाहाव्या. ज्या द्रव्याची मारक मात्रा शंभर मिलिग्रॅम, त्यावर जागतिक पद्धतीनें कवटी येते. आपल्या नियमांत कवटी नाहीं, पिवळा रंग आहे. ज्याची मात्रा हजार, त्यावर आपल्याकडे ‘धोका’. तेथें केवळ ‘इशारा’. म्हणजे ‘धोका’ हा शब्द तेथें वरच्या पायरीवर बसतो आणि येथें तिसऱ्या. शब्द एकच, पण परदेशांतून आलेल्या पिंपावर त्याचा अर्थ एक आणि शिरूरच्या बाटलीवर दुसरा. एकसूत्रीपणाची जरूर आहे ती याचकरितां. पण जुळवून घेतांना रंगांचें जें सोपें बळ आहे, तें गमावूं नये, याचीहि काळजी घ्यावयास हवी.

शिवाय खूण कितीहि चांगली असली, तरी ती डब्याबरोबरच राहते. द्रव दुसऱ्या बाटलींत ओतला कीं खूण मागें राहिली. २०१३ मध्यें बिहारच्या सारण जिल्ह्यांत शाळेच्या दुपारच्या जेवणांतून २३ मुलें दगावलीं. स्वयंपाकाच्या तेलांत मोनोक्रोटोफॉस हें कीटकनाशक सांपडलें. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना वीसांच्या वर शेतकरी व मजूर विषबाधेनें गेले. फवारणाऱ्या मजुराच्या हातीं बहुधा पंपच असतो, डबा नसतो. आणि दोन द्रव एकत्र कालविले, तर होणाऱ्या मिश्रणावर कोणताहि त्रिकोण नसतो. हिरव्या त्रिकोणाचा अर्थ ‘कमी विषारी’ असा आहे, ‘विष नाहीं’ असा नव्हे, हेंहि पुष्कळांस ठाऊक नसतें.

येथें गोष्ट पुन्हा त्या पहिल्या शब्दापाशीं येते. घराघरांतून त्या डब्यास ‘औषध’ म्हणतात, म्हणून तो दुखण्याच्या गोळ्यांशेजारीं फळीवर बसतो. संयुक्त राष्ट्रांनीं चित्रें एक केलीं, सरकारनें रंग ठरविले; बोलण्यांतला हा शब्द बदलणें मात्र त्या दोघांच्याहि हातीं नाहीं. तें काम शाळेंत शिकलेल्या मुलांचें आहे. शिरूरच्या एखाद्या मुलानें कोनाड्यांतला डबा फिरवून त्यावरचा त्रिकोण आईस दाखविला आणि डबा कुलुपांत गेला, म्हणजे १९५८ च्या त्या चौकशीचें काम त्या घरापुरतें पुरें झालें.