अणुविद्युत व दूरसंचार अभियांत्रिकी पदविका

अणुविद्युत व दूरसंचार अभियांत्रिकी पदविका हा दहावीनंतरचा तीन वर्षांचा, सहा सत्रांचा तांत्रिक अभ्यासक्रम आहे. महाराष्ट्रात तो तंत्रनिकेतनांमध्ये शिकवला जातो. स्वायत्त संस्था वगळता त्याच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्र शिक्षण मंडळ घेते. शासकीय फलकांवर ‘अणुविद्युत’ हा शब्द रूढ असला, तरी त्याचा अणुऊर्जेशी संबंध नाही. ‘विजाणू’पासून घडवलेला शब्द अधिक नेमका ठरला असता. विद्यार्थी या शाखेला ‘ई अँड टीसी’ म्हणतात. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत बारावीनंतर दोन वर्षांत मिळणारी सहयोगी पदवी हा याचा जवळचा समांतर प्रकार होय.

प्रवेश

प्रवेश दहावीच्या गुणांवर, तंत्र शिक्षण संचालनालयाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून होतो. सामाईक परीक्षा नसते. बारावी विज्ञान किंवा दोन वर्षांचे आयटीआय उत्तीर्ण झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षात घेतात. वाशीम जिल्हा (स्थापना १ जुलै १९९८) अमरावती विभागात येतो. वाशीम येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे. अकोला व अमरावती येथील संस्थांतही जिल्ह्यातील विद्यार्थी जाऊ शकतात. कोणत्या संस्थेत कोणती शाखा चालू आहे, हे त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहणे आवश्यक असते.

अभ्यासक्रम

पहिल्या वर्षी गणित, उपयोजित विज्ञान व इंग्रजी यांवर भर असतो. पुढे डायोड, ट्रान्झिस्टर, अंकीय मंडले, मायक्रोकंट्रोलर, दूरसंचार प्रणाली व सी भाषा येतात. पदवीच्या तुलनेत येथे हातकामाला अधिक वेळ मिळतो: ब्रेडबोर्डवर मंडल जुळवणे, मल्टिमीटरने दोष शोधणे, ऑसिलोस्कोपवर तरंग पाहणे, सोल्डरिंग करणे. २०१७-१८ च्या ‘आय’ योजनेत सहा आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण होते. २०२३-२४ पासून ‘के’ योजना लागू झाली. जिल्हा प्रामुख्याने शेतीप्रधान, सोयाबीन पिकवणारा असल्याने प्रशिक्षणासाठी मोठा उद्योग शोधायला अनेकांना बाहेर जावे लागते. तथापि सौर कृषिपंपाचा नियंत्रक, मोटर स्टार्टर किंवा जमिनीतील ओलावा मोजणारे साधन हे गावाजवळचे प्रकल्पविषय कमी प्रतीचे नाहीत.

भाषेचा प्रश्न

मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याची खरी कसोटी पहिल्याच सत्रात लागते. ‘रोध’, ‘धारिता’, ‘विभवांतर’ या संकल्पना त्याला ठाऊक असतात. परंतु त्याच ‘रेझिस्टन्स’, ‘कपॅसिटन्स’, ‘पोटेन्शिअल डिफरन्स’ या नावांनी समोर आल्या की परक्या वाटतात. म्हणून नापास होणाऱ्याला विषय येत नाही, असे समजणे चुकीचे आहे. २०२१-२२ पासून मंडळाने द्विभाषिक अध्यापनाचा पर्याय दिला असून उत्तरे मराठीतही लिहिता येतात. पारिभाषिक शब्द इंग्रजी व स्पष्टीकरण मराठी, अशी मिश्र पद्धत वर्गात स्वाभाविक ठरते. उपकरणांची माहितीपत्रके मात्र इंग्रजीतच असल्यामुळे ती भाषा टाळता येत नाही.

पुढील वाटा

पदविकेच्या गुणांवर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. अकरावी-बारावी करून चार वर्षांची पदवी घेतली काय किंवा पदविकेनंतर तीन वर्षे शिकले काय, दहावीनंतर सहाच वर्षे लागतात. फरक इतकाच, की पदविकाधारकाच्या हाती तिसऱ्या वर्षाअखेर नोकरीस पात्र ठरवणारे प्रमाणपत्र असते. घरची परिस्थिती बेताची असल्यास ही बाब निर्णायक ठरते. पदवीच्या दुसऱ्या वर्षातील गणित मात्र अशा विद्यार्थ्यांना जड जाते. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ मध्ये १९७३ साली झालेल्या दुरुस्तीने पदविकाधारकांनाही विद्यावेतनासह एक वर्षाची उमेदवारी खुली झाली. रेल्वेच्या सिग्नल व दूरसंचार विभागातील कनिष्ठ अभियंता पदासाठीही ही पदविका ग्राह्य धरली जाते.