संघ-संचिका प्रणाली
संघ-संचिका प्रणाली : संगणकातील दोन वा अधिक निर्देशिका एकमेकींवर रचून त्यांचे एकच संयुक्त रूप दाखविणारी व्यवस्था. हिचे खालचे स्तर सामान्यतः केवळ वाचनासाठी असतात व लेखन सर्वांत वरच्या स्तरात होते. एकाच नावाची संचिका अनेक स्तरांत असल्यास वरची दिसते. खालच्या झाकल्या जातात.

इतिहास : सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीची ‘ट्रान्सल्यूसंट फाइल सर्व्हिस’ (१९८०–९० चे दशक) हा या कल्पनेचा आरंभीचा नमुना होय. ४·४ बीएसडीमधील संघ-जोडणीचे विवेचन पेंड्री व मकुसिक यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. लिनक्ससाठी एरेझ झाडोक व त्यांचे सहकारी यांनी स्टोनी ब्रुक विद्यापीठात ‘युनियनएफएस’ रचली. सीडीवरून चालणाऱ्या नॉपिक्सने २००५ मध्ये ती स्वीकारल्याने न बदलणाऱ्या चकतीवरही लेखन होत असल्यासारखे काम करता येऊ लागले. २००६ मध्ये जुन्जिरो ओकाजिमा यांची ‘ऑफ्स’ आली. या दोहोंना लिनक्सच्या मूळ गाभ्यात स्थान मिळाले नाही. ते मिक्लोस सेरेडी यांच्या ‘ओव्हरलेएफएस’ला डिसेंबर २०१४ मध्ये, ३·१८ या आवृत्तीत, मिळाले. २०१३ मध्ये प्रसृत झालेल्या डॉकरने प्रथम ऑफ्सचा व पुढे ओव्हरलेएफएसचा आधार घेतला.

लुप्त संचिकांचा शोध : दुसरबीड (जि. बुलढाणा) असो वा अन्य कोणतेही गाव, हस्तलिखित सातबाऱ्यावर कमी झालेले नाव पुसून न टाकता त्याला कंस करीत. येथेही खालच्या स्तरातील संचिका काढल्यास ती नष्ट होत नाही. वरच्या स्तरात केवळ लोपचिन्ह उमटते. ऑफ्समध्ये हे चिन्ह विशिष्ट उपसर्गाच्या नावाची संचिका असते, तर ओव्हरलेएफएसमध्ये मुख्य व गौण क्रमांक शून्य असलेले वर्ण-उपकरण असते. संपूर्ण निर्देशिका झाकण्यासाठी तिला ‘अपारदर्शक’ हा विस्तारित गुणधर्म जोडतात. म्हणून संचिका दिसेनाशी झाल्यास जोडणीच्या तपशिलावरून स्तरांचा क्रम प्रथम निश्चित करावा व नंतर प्रत्येक स्तर स्वतंत्रपणे तपासावा. प्रणाली जोडलेली असताना स्तरांत थेट फेरबदल केल्यास परिणाम अनिश्चित ठरतात. तिची जोडणी सोडवूनच लोपचिन्ह काढणे इष्ट असते.

या रचनेमुळे मोठ्या संचिका काढूनही खालच्या स्तरातील जागा मोकळी होत नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे, एका स्तरात चुकून राहिलेला परवलीचा शब्द पुढील स्तरात काढला, तरी तो स्तर ज्याच्या हाती पडेल त्याला तो वाचता येतो. अशा वेळी तो स्तर नव्याने घडविणे व परवलीचा शब्द बदलणे हाच खात्रीचा उपाय होय.